लाल कोळ्यातला व्होल्बाकिया: नमुना गोळा करण्यापासून चार संकरांपर्यंत

वांगी, भेंडी, बरबटी, पऱ्हाटी यांच्या पानामागे जाळी करून राहणाऱ्या लाल कोळ्याच्या, म्हणजे टेट्रानिकस अर्टिसीच्या, पेशींमध्ये अनेकदा जिवाणू मुक्कामाला असतात. त्यांतला व्होल्बाकिया सगळ्यात जास्त अभ्यासला गेला आहे. १९२४ मध्ये हर्टिग आणि वोल्बाक यांनी तो क्युलेक्स डासात पाहिला. कोळ्यांमध्ये त्याच्या जोडीला कार्डिनियम, स्पायरोप्लाझ्मा आणि रिकेट्सियाही सापडतात. हे जिवाणू आईच्या अंड्यातून पुढच्या पिढीत जातात. शुक्राणूत त्यांना जागाच नसते, म्हणून नर त्यांच्या वाटचालीचा शेवट ठरतो. त्यांचा सगळा फायदा बाधित माद्यांची संख्या वाढण्यात असतो आणि त्यासाठी ते यजमानाच्या प्रजननातच फेरफार करतात. लाल कोळ्यात याचा नेहमीचा प्रकार म्हणजे पेशीद्रव्यीय विसंगती: बाधित नराचा जिवाणूमुक्त मादीशी संयोग झाला की फलित अंडी बिघडतात.

कृषी किंवा विज्ञान महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत हे कसं तपासायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे. एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. पीसीआर म्हणजे जिवाणूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा अनेक पटींनी वाढवून पाहण्याची चाचणी. तिच्या जेलवर पट्टी आली म्हणजे जिवाणू आहे एवढंच कळतं. तो काही करतो की नाही, हे संकर लावल्याशिवाय कळत नाही. आणि विदर्भात तापमान सांभाळलं नाही, तर संकर लावूनही कळत नाही.

आधी कोळ्याची रीत समजून घ्या

लाल कोळ्याची मादी द्विगुणित असते, तिच्यात सहा गुणसूत्रं असतात. नर एकगुणित, त्याच्यात तीन. फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर. म्हणजे कधीच संयोग न झालेली मादीही अंडी घालते, ती व्यवस्थित उबतात आणि सगळे नर निघतात. संयोग झालेल्या मादीच्या संततीत साधारण तीन माद्यांमागे एक नर असतो.

एखाद्या डबीत नरच नर निघाले, तर पहिला संशय जिवाणूवर घेऊ नका. मादीचा संयोग झालाच नसावा, असं समजून तपास सुरू करा. नर म्हातारे होते, पान सुकलं होतं, मादी पाण्यात अडकली होती, यांपैकी काहीही झालेलं असू शकतं.

अंड्यानंतर सहा पायांची अळी, मग दोन निम्फ (पिल्लू) अवस्था आणि शेवटी प्रौढ, असा क्रम असतो. प्रत्येक दोन अवस्थांच्या मध्ये कोळी पाय आखडून निश्चल बसतो. शेवटच्या निश्चल अवस्थेतल्या मादीच्या शेजारी नर पहारा देत बसलेला दिसतो. ती कात टाकून बाहेर आली की लगेच संयोग होतो, आणि मादीच्या बाबतीत पहिलाच संयोग कामाचा ठरतो. कुमारी मादी हवी असेल तर ती याच निश्चल अवस्थेत उचलावी लागते. कात टाकण्याच्या थोडं आधी जुन्या कातडीखाली हवा शिरते आणि मादी चंदेरी दिसू लागते. तीच उचला. प्रौढ मादी ‘कुमारी असेल’ अशा भरवशावर कधीही घेऊ नका.

२५ अंश सेल्सिअसला अंडी चार-पाच दिवसांत उबतात आणि दहा-बारा दिवसांत प्रौढ मिळतात. एका पिढीला दोन आठवडे धरून वेळापत्रक आखा.

नमुना कधी आणि कसा घ्यावा

ही पायरी विदर्भात सगळ्यात जास्त बिघडते. कारण उष्णता. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी लाल कोळ्याचे बाधित वंश ३२ अंशांवर वाढवले. चार पिढ्यांनंतर ७१ टक्के कोळी व्होल्बाकियामुक्त झाले होते, सहा पिढ्यांनंतर सगळेच. हा अभ्यास १९९९ चा. आता अकोला, वर्धा किंवा चंद्रपूरकडचा एप्रिल-मे आठवा. पारा ४५ च्या आसपास जातो, रात्रीही फार उतरत नाही, आणि उन्हाळी भाजीपाल्यावर कोळ्याच्या पिढ्या झपाट्याने होत राहतात. म्हणून मे महिन्यातल्या नमुन्यात जिवाणू सापडला नाही, तर ‘या गावच्या कोळ्यात तो नाहीच’ असा निष्कर्ष काढू नका. त्याच वावरातून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पुन्हा नमुना घ्या. दोन्ही हंगामांचे नमुने मिळाले तर उत्तम, कारण त्यांच्यातला फरक हीच मोठी माहिती आहे.

वावराच्या वेगवेगळ्या भागांतून निदान दहा-बारा झाडांची पानं घ्या. फक्त धुऱ्याकडच्या एका झाडावरून घेतलं, तर सगळे कोळी एकाच मादीची लेकरं निघण्याची शक्यता असते. प्रत्येक झाडाचं पान वर्तमानपत्राच्या वेगळ्या पुडीत बांधा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटतो आणि कोळी बुडून मरतात. पुड्या थर्माकोलच्या डब्यात ठेवा. गार पाण्याची बाटली कापडात गुंडाळून सोबत ठेवा, पण बर्फ पानाला लागू देऊ नका. मोटरसायकलच्या डिक्कीत दुपारी दोन तास राहिलेला नमुना टाकून द्यावा, तो वाचला तरी विश्वासाचा राहत नाही.

पुडीवर गाव, पीक, तारीख आणि गेल्या महिनाभरात काय फवारलं ते लिहा. कोळीनाशक तर विचाराच, पण स्ट्रेप्टोसायक्लिन आवर्जून विचारा. संत्र्या-लिंबाच्या खैऱ्यावर आणि कपाशीच्या करप्यावर ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं आहे आणि त्यात टेट्रासायक्लिन असतं. आपण प्रयोगशाळेत जिवाणू घालवायला जे औषध वापरणार आहोत, ते वावरातच मारलेलं असेल तर नमुना मुळातच वेगळा झाला.

जात तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका

पानामागचा प्रत्येक लाल ठिपका टेट्रानिकस अर्टिसी नसतो. आपल्याकडे भाजीपाल्यावर टेट्रानिकसच्या इतर जातीही असतात, लुडेनी आणि निओकॅलिडोनिकस वगैरे. भिंगाखाली त्यांच्या माद्या जवळजवळ सारख्या दिसतात. दोन वेगळ्या जातींचे नर-मादी एकत्र ठेवले तर बहुतेक वेळा फक्त नर संतती मिळते, आणि ते चित्र जिवाणूच्या परिणामासारखंच दिसतं. हा धोका टाळण्यासाठी प्रत्येक वंशातले चार-पाच नर हॉयरच्या माध्यमात (कोळी स्लाइडवर बसवायच्या द्रावणात) आडवे बसवून स्लाइड करा आणि जननेंद्रियाच्या टोकाचा आकार कोळीतज्ज्ञाकडून पाहून घ्या. नर आडवा बसला नाही तर आकार कळत नाही, म्हणून जास्तीचे नर घ्या.

वंश तयार करणं

खाद्य म्हणून घेवडा किंवा बरबटी कुंडीत वाढवा. त्यावर काहीही फवारू नका. पेट्री डिशमध्ये सेंटीमीटरभर जाड कापूस ओला करून पसरा. त्यावर दोन-तीन सेंटीमीटर व्यासाची पानाची चकती खालची बाजू वर करून ठेवा. पानाची कड कापसाला सगळीकडून चिकटली पाहिजे, कारण सुटलेल्या कडेखाली कोळी शिरतात आणि मोजणी फसते. पाणी रोज सकाळ-संध्याकाळ पाहा. कापूस सुकला तर कोळी पळतात, पाणी पानावर चढलं तर बुडतात.

एका चकतीवर एकच संयोग झालेली मादी सोडा. तिची लेकरं, नातवंडं म्हणजे एक वंश. असे पंधरा-वीस वंश सुरू करा, काही मरतातच. कोळी उचलायला सगळ्यात बारीक, तीन शून्यांचा चित्रकलेचा ब्रश घ्या. ब्रशचं टोक ओलं हवं, पण थेंब नको.

तापमान २५ अंश, फार तर एक-दोन अंश इकडेतिकडे. १६ तास उजेड, ८ तास अंधार. वीज जाणाऱ्या गावात छोट्या इन्क्युबेटरला इन्व्हर्टर जोडलेला असावा. तो नसेल तर हे काम पावसाळा संपल्यावर घ्या आणि फेब्रुवारीच्या आत आटपा. डेझर्ट कूलरच्या भरवशावर एप्रिलमध्ये वंश सांभाळायचा प्रयत्न करू नका. कोळी मजेत वाढतील, जिवाणू मात्र हळूहळू निघून जाईल आणि ते तुम्हाला दिसणारही नाही. डिशच्या शेजारी कमाल-किमान तापमापी ठेवून रोजची नोंद करा.

जिवाणू आहे का, ते पाहणं

मादीने अंडी घातली की तिलाच तपासणीला घ्या. म्हणजे वंशही टिकतो आणि आईचा निकालही मिळतो. तपासणी दुसरीकडे करायची असेल तर मादी ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध इथेनॉलमध्ये ठेवून फ्रीजमध्ये ठेवा. फॉर्मॅलिन चालत नाही, डीएनए खराब होतो.

एका मादीचा डीएनए काढायला महागडा संच लागत नाही. १०० मिलिमोलर मीठ, १० मिलिमोलर ट्रिस आणि १ मिलिमोलर ईडीटीए असलेलं, सामू ८ चं द्रावण २५ मायक्रोलिटर घ्या. त्यात १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर तीव्रतेचं प्रोटिनेज-के २ मायक्रोलिटर टाका. मादी त्यात प्लॅस्टिकच्या दांडीने चिरडा. ३७ अंशांवर अर्धा तास आणि ९५ अंशांवर पाच मिनिटं ठेवा. थोडं फिरवून वरचं द्रावण १-२ मायक्रोलिटर वापरा.

व्होल्बाकियासाठी डब्ल्यूएसपी जनुकाचे ८१-एफ आणि ६९१-आर हे प्रायमर (त्या जनुकाला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) सर्वत्र वापरले जातात, पट्टी सुमारे ६०० बेसला येते. ९४ अंश अर्धा मिनिट, ५५ अंश पाऊण मिनिट, ७२ अंश एक मिनिट, अशी ३५ आवर्तनं पुरतात. कार्डिनियमचे प्रायमर वेगळे असतात आणि ती तपासणी टाळू नका. व्होल्बाकिया नाही म्हणून वंश ‘मुक्त’ धरला आणि आत कार्डिनियम निघाला, तर पुढचं सगळं काम वाया जातं. कार्डिनियमही काही कोळ्यांत अशीच विसंगती घडवतो.

प्रत्येक वेळी तीन सोबती नमुने लावा: माहीत असलेला बाधित कोळी, नुसतं पाणी, आणि प्रत्येक नमुन्यावर कोळ्याचंच एखादं जनुक, उदाहरणार्थ सीओआय. सीओआयची पट्टी आली नाही तर डीएनएच निघालेला नाही, तेव्हा ‘जिवाणू नाही’ असं लिहायचा अधिकार नाही. वीस कोळी एकत्र चिरडून केलेली तपासणी होकारार्थी आली तर त्यातला एक बाधित होता की वीस, ते कळत नाही. प्रमाण हवं असेल तर एकेक मादी तपासा.

जिवाणूमुक्त वंश बनवणं

बाधित वंशाचेच दोन भाग करा. एक तसाच ठेवा, दुसऱ्याला औषध द्या. दोन वेगळ्या गावांचा एक बाधित आणि एक मुक्त वंश घेऊन संकर लावले, तर दिसलेला फरक जिवाणूचा की वाणाचा, ते कधीच सांगता येणार नाही.

टेट्रासायक्लिन हायड्रोक्लोराइड १०० मिलिग्रॅम १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा, हे ०.१ टक्के द्रावण झालं. उजेडात ते खराब होतं, म्हणून बाटलीला फॉइल गुंडाळा आणि दर दिवशी ताजं करा. कापूस साध्या पाण्याऐवजी या द्रावणाने भिजवा. पानाची चकती त्यावर २४ तास ठेवा आणि मग अळ्या सोडा. पान औषध शोषतं, कोळी पानातून ते घेतात. दर दोन दिवसांनी नव्या भिजलेल्या चकतीवर हलवा. त्या अळ्या मोठ्या होऊन अंडी घालेपर्यंत हेच चालू ठेवा. औषधाने अंडी कमी होतात, काही माद्या मरतात. म्हणून निदान पन्नास अळ्यांनी सुरुवात करा. उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. वेगळ्या बाटलीत साठवून महाविद्यालयाच्या रासायनिक कचऱ्यात द्या. आणि हे औषध पिकावर फवारून कोळी आटोक्यात येईल, असं कोणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. वावरात त्याचा उपयोग नाही आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे रोगजंतू तेवढे वाढतात.

औषध थांबवल्यावर वंश साध्या पाण्यावर निदान दोन-तीन पिढ्या वाढवा. टेट्रासायक्लिन कोळ्याच्या स्वतःच्या मायटोकॉन्ड्रियालाही त्रास देतं आणि त्याचा परिणाम ओसरायला वेळ लागतो. लगेच संकर लावले तर औषधाचा अशक्तपणा जिवाणूच्या नावावर जमा होईल. तिसऱ्या पिढीत पीसीआर पुन्हा करा. थोडेसे जिवाणू शिल्लक असतील तर पहिल्या तपासणीत ते निसटतात आणि नंतर वाढतात.

चार संकर आणि दोन कुमारी गट

आता मुख्य काम. चार जोड्या लावायच्या: मुक्त मादी आणि मुक्त नर, बाधित मादी आणि बाधित नर, बाधित मादी आणि मुक्त नर, मुक्त मादी आणि बाधित नर. याशिवाय दोन्ही वंशांच्या काही माद्या नराविना ठेवायच्या. प्रत्येक गटात २५ ते ३० माद्या घ्या. सगळे गट एकाच दिवशी, एकाच कुंडीच्या पानांवर लावा.

चंदेरी निश्चल मादी चकतीवर ठेवा, तिच्यासोबत एक ते तीन दिवसांचे दोन नर सोडा. दोन दिवसांनी नर काढा. नंतर पाच दिवस मादीला रोज नव्या चकतीवर हलवा आणि मागे राहिलेली अंडी मोजा. सहा-सात दिवसांनी न उबलेली अंडी मोजा, आणि शेवटी प्रौढ माद्या व नर वेगवेगळे मोजा. चारही आकडे हवेत: घातलेली अंडी, उबलेली अंडी, माद्या, नर. नुसतं लिंगगुणोत्तर लिहून ठेवलेली वही पुढे काही कामाची राहत नाही.

निकाल वाचताना एक हिशोब डोळ्यांसमोर ठेवा. समजा १०० अंडी आहेत, त्यातली ७५ फलित आणि २५ अफलित, आणि एरवी सगळी उबतात. विसंगती नसेल तर ७५ माद्या आणि २५ नर मिळतील. फलित अंडी मरत असतील तर उबवण २५ वर येईल, नर मात्र २५ च राहतील. फलित अंड्यांतून बापाची गुणसूत्रं गळून ती एकगुणित होत असतील, तर उबवण १०० राहील आणि सगळे १०० नर निघतील. पहिल्या प्रकारात नरांची संख्या स्थिर राहते, दुसऱ्यात ती वाढते. प्रत्यक्षात अर्धवट चित्र येतं: उबवण ६०, माद्या ३५, नर २५, असं काहीतरी. ते वाचायलाही हाच नियम, आधी नरांची संख्या पाहा.

दुसरा प्रकार आणि संयोगच न होणं, ही दोन्ही चित्रं सारखी दिसतात. इथे बाकीचे संकर कामाला येतात, आणि म्हणूनच चारातला एकही गाळता येत नाही. त्याच बाधित नरांपासून बाधित माद्यांना भरपूर मुली झाल्या, तर नर सशक्त आहेत, त्यांचे शुक्राणू पोहोचतात. मुक्त मादीला मुक्त नरापासून भरपूर मुली झाल्या, तर औषधाने मादी बिघडलेली नाही. कुमारी माद्यांची अंडी दोन्ही वंशांत चांगली उबली, तर न उबलेल्या अंड्यांचा दोष अंड्याच्या मूळ दर्जात नाही. या तिन्ही शंका फिटल्यावर मुक्त मादी आणि बाधित नर या एकाच जोडीत घट उरली, तरच ती जिवाणूची म्हणायची. बाधित मादीच्या अंड्यात तोच जिवाणू असतो आणि बापाच्या शुक्राणूत केलेला बदल तो सावरून घेतो, म्हणून तिथे नुकसान दिसत नाही. व्होल्बाकियात या दोन्ही कामांमागची सिफ-ए आणि सिफ-बी ही जनुकं २०१७ मध्ये ओळखली गेली.

विसंगत जोडीतून निघालेल्या थोड्या मुलीही टाकून देऊ नका. त्यांना कुमारी ठेवून त्यांची अंडी उबतात का ते पाहा. कोळ्याच्या गुणसूत्रांना ठरावीक एकच गुणसूत्रबिंदू नसतो, त्यामुळे बापाच्या गुणसूत्राचे तुटलेले तुकडेही पेशीविभाजनात टिकून राहू शकतात. अशा मुली दिसायला धडधाकट असतात, पण त्यांनी घातलेली, मुलगे होणारी अंडी जास्त मरतात. लाल कोळ्याच्या काही वंशांत हे स्पष्ट नोंदलं गेलं आहे. पहिल्या पिढीत ‘परिणाम नाही’ असं वाटलेला जिवाणू इथे सापडतो.

आकडेमोडीत एकक मादी धरा, अंडं नाही. २५ माद्यांची ७५० अंडी म्हणजे ७५० स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. एका मादीचा संयोग झाला नसेल तर तिची सगळी अंडी एकाच बाजूला झुकतात.

परिणाम दिसलाच नाही तर? आधी तापमापीची वही उघडा. मग संकरात वापरलेल्या बापांपैकी पाच-सहा नरांचा पीसीआर करा, यासाठी संयोगानंतर काढलेले नर इथेनॉलमध्ये ठेवलेले असले पाहिजेत. नर बाधित निघाले आणि तापमानही ठीक होतं, तर ‘या वंशात जिवाणू आहे, पण विसंगती घडवत नाही’ असा निकाल निःशंक लिहा. असे वंश असतात, आणि ती नोंद तेवढीच मोलाची आहे.

दुसऱ्या कोळ्यांसाठी पद्धत बदलते

संत्रा, पेरू यांसारख्या झाडांवर आढळणाऱ्या ब्रेव्हिपाल्पस या चपट्या, संथ कोळ्यांत कार्डिनियम वेगळंच करतो. अफलित एकगुणित अंड्यातून नर व्हायला हवा, तिथे तो मादी घडवतो. सगळी वसाहत एकगुणित माद्यांची असू शकते, हे २००१ मध्ये दाखवलं गेलं. इथे संकर लावायला नरच नसतात. माद्यांना वरच्याच रीतीने टेट्रासायक्लिन द्या आणि पुढच्या पिढीत नर दिसतात का ते पाहा. या कोळ्याची पिढी लाल कोळ्यापेक्षा बरीच लांब चालते, म्हणून जास्त दिवस टिकणारं जून पान घ्या. ब्रायोबिया या कोळ्यांत व्होल्बाकिया नराविना मादी संतती घडवतो. तिथेही चाचणी हीच.

भक्षक कोळी तपासायचे असतील तर पीसीआरच्या आधी त्यांना २४ तास उपाशी ठेवा. त्यांच्या पोटात बाधित लाल कोळी असेल, तर पट्टी शिकारीची येते आणि नाव भक्षकाचं लागतं. त्यांच्यात नर होण्याची रीतही वेगळी आहे. अंडं फलितच असावं लागतं आणि नर होणाऱ्या गर्भातून बापाची गुणसूत्रं नंतर बाजूला पडतात. त्यामुळे भक्षकाची कुमारी मादी अंडीच घालत नाही, आणि वरचा कुमारी गट तिथे लावता येत नाही.

तुरीवर वांझ रोग पसरवणारा एरिओफाइड कोळी या पद्धतीने हाताळता येणार नाही. तो जेमतेम पाव मिलिमीटरचा असतो, ब्रशने एकेक उचलून चकतीवर जोड्या लावणं त्याच्या बाबतीत शक्य होत नाही.